चर्चच्या फरशीवरचा ग्रीक दानलेख कसा वाचावा

जॉर्डनमधील मादाबा, नेबो पर्वत, जेराश किंवा उम्म अर-रसास येथील जुन्या चर्चच्या फरशीपुढे उभे राहिले की नजर आधी मोरांकडे, द्राक्षवेलींकडे आणि शिकारीच्या दृश्यांकडे जाते. त्याच फरशीत रंगीत खड्यांनी बसवलेल्या ग्रीक ओळी मात्र बहुतेकांच्या लेखी नक्षीचाच एक भाग ठरतात. वसई, मुंबई आणि गोव्याहून पवित्रभूमीच्या यात्रेला जाणाऱ्या गटांच्या कार्यक्रमात नेबो पर्वत अनेकदा असतो. तेथे जाणाऱ्याने थोडी तयारी केली, तर या ओळींतून चर्चचा बिशप, काम पाहणारा पुरोहित, पैसे देणारे कुटुंब आणि काम पुरे झाल्याचा महिनादेखील स्वतः वाचता येतो. त्यासाठी होमर वाचलेला असण्याची गरज नाही. पाचव्या ते आठव्या शतकांतील हे दानलेख ठरलेल्या साच्यात लिहिलेले असतात, म्हणून शब्दकोशापासून सुरुवात न करता साच्यापासून करावी. शिवाय लेखाचे क्रियापद जेवढे सांगते तेवढेच मानावे आणि तारीख दोन बाजूंनी जुळल्याशिवाय स्वीकारू नये, या दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्याव्यात. नवशिक्यांच्या बहुतेक चुका या दोन सवयी नसल्यामुळे होतात.

अक्षरांच्या आधी जागा पाहा

लेख चर्चमध्ये नेमका कोठे आहे आणि तो कोणत्या दिशेने वाचायचा आहे, हे प्रथम वहीत लिहावे. ही चर्च साधारणपणे पूर्वाभिमुख असतात; वेदी पूर्वेला आणि मुख्य प्रवेश पश्चिमेला असतो. पश्चिमेकडून आत येऊन वेदीकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाला वाचता यावा अशा बेताने मुख्य दानलेख बहुधा मध्यदालनाच्या पूर्व टोकाला, वेदीच्या पायऱ्यांपुढे बसवलेला असतो. त्याला साधी आयताकृती चौकट असते, किंवा दोन्ही बाजूंना त्रिकोणी कान असलेली पाटी, किंवा वर्तुळ. एकाच फरशीत दोन-तीन लेख असतील तर त्यांची क्रमवारी जागेवरूनच लागते: वेदीस्थानातील, मध्यदालनातील आणि बाजूच्या खोल्यांतील फरश्या वेगवेगळ्या वर्षी घातलेल्या असू शकतात. उम्म अर-रसासच्या सेंट स्टीफन चर्चमध्ये नेमके हेच घडले आहे. त्याकडे पुढे येऊच.

येथे क्रुसाबद्दल एक गोष्ट सांगून ठेवावी लागेल. लेखाची सुरुवात बहुधा लहानशा क्रुसाने होते. वास्तविक इ.स. ४२७ मध्ये सम्राट थिओडोसियस दुसरा याच्या राजवटीत निघालेल्या फर्मानाने जमिनीवर ख्रिस्ताचे चिन्ह काढण्यास मनाई केली होती. तरीही पुढची तीन शतके फरशीवर क्रूस येतच राहिले, म्हणून फरशीवर क्रूस दिसला म्हणजे ती ४२७ पूर्वीची, असे अनुमान कोणी काढू नये.

लिपीची तोंडओळख

छापील ग्रीक मोठ्या अक्षरांची सवय असलेला माणूसही पहिल्या ओळीत अडखळतो. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, स्वराघाताच्या खुणा नसतात आणि ओळ संपली की शब्द मध्येच तुटतो. सिग्मा अर्धचंद्रासारखा असतो, एप्सिलॉन म्हणजे त्याच अर्धचंद्राच्या पोटात आडवी रेघ, आणि ओमेगा छोट्या गोलाईदार रूपात येतो. ओमिक्रॉनच्या डोक्यावर उप्सिलॉन बसवून ‘ऊ’ हा स्वर एकाच जोडचिन्हाने लिहिण्याची पद्धत फार रूढ आहे. षष्ठीचे पुल्लिंगी प्रत्यय बहुधा याच ‘ऊ’ने संपत असल्यामुळे हे चिन्ह ओळखता आले की नावे आपोआप सुटी होऊ लागतात.

पवित्र नामे आखूड लिहितात: देव, प्रभू, येशू, ख्रिस्त या शब्दांचे पहिले आणि शेवटचे अक्षर तेवढे लिहून वर आडवी रेघ देतात. पदव्यांचे शेपूट कापून तेथे वळणदार खूण करतात. याखेरीज वर्तनीच्या ‘चुका’ दिसतील. त्या चुका म्हणजे त्या काळचा उच्चार होय. एटा, योटा आणि ‘एइ’ यांचा उच्चार ‘ई’ असा एक झाला होता, ‘आइ’ आणि एप्सिलॉन एक झाले होते, ओमेगा आणि ओमिक्रॉन यांतील फरक कानाला उरला नव्हता. त्यामुळे ‘आणि’ या अर्थाचा ‘काइ’ हा शब्द कधी नुसता ‘के’ म्हणून येतो. अडलेला शब्द मोठ्याने वाचून पाहिला की पुष्कळदा सुटतो.

साचा

आता मुख्य काम. जवळपास प्रत्येक दानलेखात पुढील कप्पे असतात, मात्र त्यांचा क्रम बदलतो आणि एखादा कप्पा गळतोही. आरंभी देवाच्या किंवा ख्रिस्ताच्या कृपेचा उल्लेख येतो. मग ‘एपी’ हा शब्द आणि त्यापुढे षष्ठीत बिशपचे नाव, म्हणजे ‘अमुक बिशपांच्या काळात’. मग क्रियापद आणि काय केले ते. मग ‘स्पूदे’ (तत्परता, खटपट) या शब्दापुढे काम तडीस नेणाऱ्याचे नाव. मग ‘ह्युपेर सोतेरियास’, म्हणजे ‘तारणासाठी’, आणि देणगीदारांची नावे. मृतांसाठी असेल तर ‘ह्युपेर अनापाव्सेओस’, म्हणजे ‘चिरविश्रांतीसाठी’. शेवटी ‘मेनी’ म्हणजे महिना, इंडिक्शन (पंधरा वर्षांच्या चक्रातील वर्ष, त्याबद्दल पुढे) आणि ‘एतूस’ म्हणजे वर्ष.

‘एपी’ शोधा, ‘ह्युपेर’ शोधा, ‘मेनी’ शोधा. या तीन खुंट्या सापडल्या की मधले सारे त्यांच्यावर टांगता येते.

क्रियापदाकडे मात्र बारकाईने पाहावे. ‘एक्तिस्थे’ म्हणजे बांधले, ‘अनेकाइनिस्थे’ म्हणजे नूतनीकरण केले, ‘एकोस्मेथे’ म्हणजे सजवले, ‘एतेलेइओथे’ म्हणजे पुरे झाले, आणि ‘एप्सेफोथे’ म्हणजे मोझेकची फरशी घातली. लेखात फक्त ‘एप्सेफोथे’ असेल तर त्यातील वर्ष हे फरशीचे वर्ष आहे, इमारतीचे नव्हे. भिंती शंभर वर्षे जुन्या असू शकतात. पर्यटकांसाठीच्या फलकांवर ‘अमुक साली बांधलेले चर्च’ असे सर्रास लिहिलेले असते आणि खाली लेख फक्त फरशीबद्दल बोलत असतो; अशा वेळी फलकापेक्षा लेखावर विश्वास ठेवावा.

उदाहरणादाखल नेबो पर्वतावरील जुन्या डायाकोनिकॉनची, म्हणजे धर्मविधींच्या सामानाच्या जोडखोलीची, फरशी घेऊ. वरची नंतरची फरशी १९७६ मध्ये उचलल्यावर ही खालची फरशी उजेडात आली. शिकारी, पाळीव जनावरे आणि मेंढपाळ यांची तिच्यातील दृश्ये प्रसिद्ध आहेत. लेख सांगतो की बिशप एलियास यांच्या काळात हे पवित्र डायाकोनिकॉन पुन्हा बांधून सजवण्यात आले. त्यात ‘पुनर्जन्माचे कुंड’ म्हणजे बाप्तिस्म्याचे कुंड आणि त्यावरील छत्रीही आली. मठाधिपती आणि पुरोहित असलेल्या दुसऱ्या एका एलियासने हे काम तडीस नेले. आणि ते मुसेलियस नावाचा वकील, त्याची पत्नी सेर्गूस आणि इतरांच्या तारणासाठी झाले. पुढे ऑगस्ट महिना, अरेबिया प्रांताचे ४२५ वे वर्ष आणि त्या वर्षीच्या लॅम्पाडियस व ओरेस्टेस या दोन रोमन कॉन्सुलांची नावे आहेत. येथे क्रियापदे दोन आहेत, पुन्हा बांधणे आणि सजवणे, म्हणून इ.स. ५३० हे साल (४२५ वरून ते कसे निघते ते पुढे पाहू) खोलीलाही लागू होते आणि फरशीलाही.

माणसे आणि पदव्या

पदव्यांवरून माणसाचा दर्जा कळतो. ‘हागिओतातोस’ (परमपवित्र) आणि ‘होसिओतातोस’ या पदव्या बिशपला शोभतात. ‘थेओफिलेस्तातोस’ (देवाला अतिप्रिय) आणि ‘एव्लाबेस्तातोस’ (अतिश्रद्धावान) या पुरोहित आणि डीकन यांच्यापुढे येतात, पहिली बिशपपुढेही येते. ‘लांप्रोतातोस’ म्हणजे झळाळता. ही लौकिक अधिकाऱ्याची पदवी आहे. ‘ओइकोनोमोस’ हा चर्चच्या मालमत्तेचा कारभारी, ‘हेगूमेनोस’ हा मठाधिपती आणि ‘पारामोनारिओस’ हा चर्चची देखरेख करणारा. जेराशच्या संत कोस्मास आणि दामियान यांच्या चर्चमध्ये इ.स. ५३३ च्या फरशीवर असाच एक पारामोनारिओस, थिओडोर, आपली पत्नी जॉर्जिया हिच्यासह देणगीदार म्हणून चितारलेला आहे.

‘स्पूदे’पुढचा माणूस आणि पैसे देणारा माणूस एकच असेल असे नाही. पहिला बहुधा देखरेख करणारा पुरोहित किंवा डीकन असतो. पैसा कोणाचा, हे ‘प्रोस्फोरा’ (अर्पण) किंवा ‘कार्पोफोरेसांतोन’ (ज्यांनी अर्पण केले त्यांचे) अशा शब्दांवरून ठरते. तिसरा माणूस कारागीर. हा भेद बायझंटाइन काळापेक्षाही जुना आहे: इस्राएलमधील मेगिद्दो येथे २००५ मध्ये सापडलेल्या तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती प्रार्थनागृहाच्या फरशीवर गाइआनोस ऊर्फ पोर्फिरिओस या सेनाधिकाऱ्याने स्वखर्चाने मोझेक घातल्याचे आणि काम ब्रूतिओस याने केल्याचे वेगवेगळे नोंदले आहे. त्याच फरशीवरील दुसऱ्या लेखात अकेप्तूस नावाच्या स्त्रीने ‘देव येशू ख्रिस्ताला’ मेज अर्पण केल्याची नोंद आहे.

नावे वाचताना ती सगळी ग्रीक वळणाची असतील अशी अपेक्षा धरू नये. जॉर्डनच्या या लेखांत थिओडोर आणि जॉर्ज यांच्याबरोबर कायूम, झादा, बारिखा अशी सेमिटिक नावे ग्रीक प्रत्यय लावून बसलेली असतात. गावची माणसे घरात दुसरी भाषा बोलत असावीत आणि लेखासाठी मात्र चर्चची लिखित भाषा ग्रीक वापरत असावीत, असे या नावांवरून दिसते. एखादे नाव कोणत्याही ग्रीक मुळाशी जुळत नसेल, तर अक्षरे चुकली असे समजण्याआधी अरबी आणि अरामी नावे आठवून पाहावीत.

तारीख: येथे घाई करू नये

संख्या अक्षरांनी लिहितात. आल्फा म्हणजे १, योटा म्हणजे १०, रो म्हणजे १०० अशी ही पद्धत आहे, आणि ६, ९० व ९०० यांसाठी जुनी, वर्णमालेतून गेलेली तीन चिन्हे वापरतात. क्रम शतक-दशक-एकक असा असतो किंवा नेमका उलटा. दोन्ही चालतात, कारण प्रत्येक अक्षराचे मूल्य ठरलेले असते.

वर्ष कोणत्या कालगणनेचे आहे, हे प्रदेशावरून ठरते. मादाबा, नेबो, उम्म अर-रसास, रिहाब या भागात अरेबिया प्रांताची गणना चाले. रोमने हा प्रांत इ.स. १०६ मध्ये स्थापन केला आणि त्याचे वर्ष २२ मार्चला सुरू होई. त्यामुळे २२ मार्च ते डिसेंबरअखेरच्या तारखेसाठी लेखातील आकड्यात १०५ मिळवावेत आणि १ जानेवारी ते २१ मार्चसाठी १०६. शके सालात ७८ मिळवण्याची आणि जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंत ७९ मिळवण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. नेबोचा ऑगस्ट ४२५ म्हणजे ऑगस्ट ५३०. ५३० चे कॉन्सुलही तेच आहेत, म्हणून हिशेब जुळला. जेराशमध्ये रोमन सेनापती पाँपेच्या काळापासून, इ.स.पू. ६३ पासून, वर्षे मोजत. गाझाची गणना इ.स.पू. ६१ च्या २८ ऑक्टोबरपासून सुरू होते. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, शेल्लाल येथे ऑस्ट्रेलियन व न्यूझीलंडच्या सैनिकांना सापडलेली आणि आता कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये असलेली फरशी गाझाच्या ६२२ व्या वर्षाची, म्हणजे इ.स. ५६१-६२ ची आहे.

दुसरी बाजू इंडिक्शनची. मुळात करआकारणीसाठी सुरू झालेले हे पंधरा वर्षांचे चक्र. त्यातील वर्ष १ सप्टेंबरला सुरू होते आणि पंधरावे संपले की पुन्हा पहिले येते. कितवे चक्र हे कधीच लिहीत नाहीत. आपल्या जुन्या लेखांत शकाबरोबर संवत्सराचे नाव येते आणि त्यावरून शकाचा आकडा तपासता येतो, तोच उपयोग येथे इंडिक्शनचा करायचा. रीत अशी: जानेवारी ते ऑगस्टमधील तारखेसाठी इसवी सनात ३ मिळवावेत, सप्टेंबर ते डिसेंबरसाठी ४ मिळवावेत, आणि आलेल्या संख्येला १५ ने भागावे. उरते ती बाकी म्हणजे इंडिक्शन; बाकी शून्य असेल तर पंधरावे. रिहाबच्या सेंट मिनास चर्चच्या लेखात मार्च महिना, आठवे इंडिक्शन आणि प्रांताचे ५२९ वे वर्ष आहे. मार्च असल्यामुळे १०५ की १०६ हा प्रश्न पडतो. १०५ मिळवले तर ६३४ येते आणि ६३७ ला १५ ने भागून बाकी ७ उरते. १०६ मिळवले तर ६३५ येते आणि बाकी ८ उरते. म्हणजे मार्च ६३५, तोही २२ तारखेपूर्वीचा. अरब सैन्य या मुलखात शिरत होते त्याच सुमारास या गावात चर्च बांधून होत होते, ही गोष्ट एका बाकीवरून पक्की होते.

आता सेंट स्टीफन चर्च. वेदीस्थानातील लेखात प्रांताचे ६५० वे वर्ष, मार्च आणि नववे इंडिक्शन आहे. ६५० मध्ये १०६ मिळवले की ७५६ येते, त्यात ३ मिळवून भागले की बाकी ९ उरते, सारे सरळ आहे. मध्यदालनातील बिशप सेर्गियसच्या काळाचा लेख मात्र प्रथम प्रांताच्या ६८० व्या वर्षाचा, म्हणजे ऑक्टोबर ७८५ चा वाचला गेला आणि ते साल बराच काळ सर्वत्र छापले गेले. लेखात दुसरे इंडिक्शन स्पष्ट आहे. ७८५ मध्ये ४ मिळवून भागा: बाकी ९. दुसरे येत नाही. अडचण अक्षरांत होती. ६८० साठी खी आणि पाय ही अक्षरे लागतात. खी, योटा आणि गामा अशी अक्षरे असतील तर ६१३ होते, आणि योटाची उभी रेघ गामाला खेटून बसली की दोन्ही मिळून पाय दिसतो. ६१३ म्हणजे ऑक्टोबर ७१८, आणि ७२२ ला भागून बाकी २ उरते. आता ७१८ हेच साल मानले जाते. यामुळे मध्यदालनाची फरशी वेदीस्थानाच्या फरशीपेक्षा अडतीस वर्षे आधीची ठरली, म्हणजे दोन्ही फरश्यांचा क्रमच उलटला. एक उभी रेघ कोणत्या अक्षराची, एवढाच प्रश्न होता.

केवळ इंडिक्शन असेल तेव्हा एकच साल सांगण्याचा मोह आवरावा. सिनाई येथील सेंट कॅथरिन मठाच्या वेदीवरील प्रसिद्ध भित्तिमोझेकच्या लेखात मठाधिपती लाँगिनस यांचा काळ आणि चौदावे इंडिक्शन एवढेच आहे. सम्राट जस्टिनियनने बांधवलेल्या या चर्चसाठी त्यातून ५५०-५१ आणि ५६५-६६ ही दोन वर्षे निघतात, आणि इतर पुरावा पुढे आल्याशिवाय दोन्ही लिहून ठेवणे हेच प्रामाणिक.

प्रार्थना आणि कारागीर

साच्याबाहेरची वाक्ये लहान असतात आणि पुष्कळदा मुख्य चौकटीपासून दूर असतात. ‘क्युरिए बोएथेसोन’ म्हणजे ‘प्रभू, साहाय्य कर’. ‘म्नेस्थेती’ म्हणजे ‘स्मरण ठेव’. काही देणगीदार नाव देतच नाहीत: थेस्सलोनिकीच्या सेंट डिमिट्रिओस चर्चमधील एका भित्तिमोझेकवर ‘ज्याचे नाव देवाला ठाऊक आहे त्याच्या नवसासाठी’ एवढेच आहे. हे वाचून गाळलेले नाव शोधत बसू नये. तो रूढ शब्दप्रयोग आहे आणि जॉर्डनमधील फरश्यांवरही त्याची रूपे येतात.

कारागिरांची नावे क्वचित येतात, म्हणून आली की ती जपून उतरवून घ्यावीत. नेबोच्या त्याच फरशीत सोएलोस, कायूम आणि एलियास या मोझेक कारागिरांचे आणि त्यांच्या घरच्यांचे स्मरण ठेवण्याची विनंती प्रभूला केली आहे. मादाबाच्या प्रेषितांच्या चर्चमध्ये, इ.स. ५७८ च्या फरशीत, मध्यभागी समुद्राची स्त्रीरूप प्रतिमा आहे आणि तिच्याभोवती वर्तुळात लेख फिरतो: आकाश आणि पृथ्वी घडवणाऱ्या प्रभू देवा, अनास्तासियोस, थोमास आणि थिओडोरा यांना जीवन दे. येथपर्यंत नावे चतुर्थीत आहेत. पुढे कारागीर सालामानिओसचे नाव एकदम षष्ठीत येते. ‘सालामानिओसचे काम’ अशी ती सही आहे, की प्रार्थनेत स्वतःचे नाव जोडताना विभक्ती घसरली, याचे दोन्ही अर्थ लावता येतात. मला सही अधिक पटते, कारण त्यापुढे धंद्याचे नावही दिलेले आहे.

उतरवून घेताना

फरशीवर पाय ठेवू नये. खड्यांचे रंग उठून दिसावेत म्हणून पाणी शिंपडण्याची जुनी पद्धत आज कोणी सुचवली तरी पाळू नये. कोरीव शिलालेखाला तिरपा प्रकाश लागतो, कारण तेथे अक्षराला खोली असते. मोझेकचे अक्षर केवळ रंगाने ओळखू येते, म्हणून ढगाळ, एकसारखा प्रकाश आणि शक्य तितक्या वरून घेतलेले छायाचित्र अधिक उपयोगी पडते. काळ्या खड्यांच्या अक्षरांच्या मध्येच वेगळ्या आकाराचे किंवा रंगाचे खडे दिसले, तर ती जुनी दुरुस्ती समजावी आणि तेथील अक्षरांवर भिस्त ठेवू नये. उम्म अर-रसासमध्ये आठव्या शतकात सजीवांच्या आकृत्या काढून टाकताना देणगीदारांचे चेहरे आणि शरीरे खुडून ते खडे पुन्हा अस्ताव्यस्त भरले गेले, पण बाजूची नावे बहुतेक तशीच सोडली. त्यामुळे तेथे माणूस दिसत नाही आणि त्याचे नाव मात्र वाचता येते.

वहीत दोन ओळी ठेवाव्यात. पहिल्या ओळीत दिसते तसे, शब्द न तोडता. दुसरीत शब्द तोडून, १९३१ मध्ये लेडन येथे ठरलेल्या खुणांप्रमाणे: आखूड रूप पूर्ण केले असेल तर ती अक्षरे गोल कंसात, फरशी फुटल्यामुळे गेलेली आणि आपण अंदाजाने भरलेली अक्षरे चौकोनी कंसात, अर्धवट दिसणाऱ्या संशयास्पद अक्षराखाली टिंब. गेलेल्या अक्षरांची संख्या वरच्या-खालच्या ओळींतील अक्षरांच्या रुंदीवरून मोजावी आणि त्या जागेत मावत नाही असा शब्द कितीही सुंदर असला तरी भरू नये. मग तो साचा पॅकार्ड ह्युमॅनिटीज इन्स्टिट्यूटच्या विनामूल्य ग्रीक अभिलेखसंचात शोधून पाहावा. तेच शब्द शेजारच्या गावच्या फरशीत अखंड सापडले, तर चौकोनी कंसातील भरणा टिकतो, आणि सापडले नाहीत तर कंस रिकामा ठेवून आत टिंबे द्यावीत.